अमडापूरच्या बाजारातला फोटो

तुळशीरामने पाठीवर वेताचे वळ सोसले, पण धान्याची कोठी फोडताना सोबत कोण होतं ते फौजदाराला सांगितलं नाही. सोबत त्याचा थोरला भाऊ किसन होता. तो निसटला आणि गावातून परागंदा झाला, त्यामुळे फौजदाराचा संशय त्याच्यावरच होता. सोळा वर्षांच्या तुळशीरामला मॅजिस्ट्रेटने तुरुंगात न धाडता चिखलीच्या वामनराव फोटोग्राफरच्या हवाली केलं. हातात कला आली की अशी पोरं सुधारतात, असं वामनरावांचं म्हणणं होतं.

तुळशीराम तिथे खरंच रमला. अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात काचेवर चेहरा उमटू लागला, की तो श्वास घ्यायचं विसरायचा. त्याचा हात असा बसला, की वामनराव कॅमेरा देऊन त्याला एकट्याला बाजारात धाडू लागले.

अमडापूरच्या बाजारात त्याला किसन भेटला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. तिथल्याच तेलघाण्यावर तो नाव बदलून राबत होता.

"माय कशी हाय बे?"

"तुह्यासाठी झुरून राह्यली."

"मंग माहा एक फोटो काढ. तिले दाखव, जित्ता हाय म्हनून. मंग काच फोडून टाक."

घाण्यासमोर उभं करून तुळशीरामने फोटो काढला. एक प्रत गुपचूप मायला, गोजरबाईला, नेऊन दिली. जिच्यावरून प्रत निघाली ती काच मात्र त्याच्याने फोडवेना. इतका जिवंत चेहरा त्याच्या हातून पहिल्यांदाच उतरला होता.

ती काच वामनरावांना सापडली. कौतुकाने त्यांनी मोठी प्रत काढली आणि तुळशीरामला न विचारता, खाली 'अमडापूरचा तेलघाणा' असं लिहून, बुलढाण्याच्या सरकारी प्रदर्शनात लावली. मॅजिस्ट्रेटसोबत फौजदारही आला होता. फोटोसमोर तो बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी किसनला घाण्यावरून फरफटत नेलं.

कैद्यांचे फोटो काढायचं काम वामनरावांकडेच होतं. त्यांनी तुळशीरामला पुढे केलं. "कामात नातं आणू नकोस," ते म्हणाले. किसनचा एक डोळा माराने सुजून मिटला होता, मान ठरत नव्हती. शिपायाने दटावलं तेव्हा तुळशीरामनेच त्याची हनुवटी धरून चेहरा सरळ केला.

"काच काऊन नाही फोडली बे?" किसनने हळूच विचारलं.

तुळशीराम कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली शिरला.

पोरगा इतका सुधारला, की सख्खा भाऊ धरून दिला, असं कचेरीत बोललं गेलं. ते बोलणं गावात पोचायला वेळ लागला नाही. तुळशीराम घरी गेला तेव्हा गोजरबाई उंबऱ्यात बसली होती.

"म्या नाही धरून देल्लं, माय."

"माहा एकच पोरगा होता," ती म्हणाली. "तो जेलात हाय." तिने उठून दार लावून घेतलं.

मॅजिस्ट्रेटने खूश होऊन आणखी दोन पोरं वामनरावांकडे पाठवली. त्यांना शिकवायला तुळशीरामलाच बसवलं.