नुसतं जुळवून बघायचं

"मुळात आहे तेच छापलंय ना? मग सही करा आणि मोकळ्या व्हा," छापखान्याचे मालक म्हणाले.

मूळ कागद तिच्या डाव्या हाताशी होता, प्रूफ उजव्या. तान्ह्या बाळांच्या तापाच्या औषधाबरोबर खोक्यात घालायचं माहितीपत्रक. दोन्ही कागद अक्षरन् अक्षर सारखे होते. तिने तीनदा जुळवून पाहिले होते. तरी पेन तिने उचललं नाही.

साहित्य घेऊन एम.ए. होऊन तिला दीड वर्ष होत आलं होतं. बँक, विमा कंपनी, दोन शाळा, एका दवाखान्याचा स्वागतकक्ष, सगळीकडे तोच प्रश्न : कविता वाचून इथे काय करणार? वडील पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. भावजींनी शब्द टाकला, म्हणून मुद्रितशोधकाच्या जागेसाठी आज दिवसभर काम करून दाखवायला बोलावणं आलं होतं. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "फार डोकं लावू नकोस गं. सांगतील तेवढं कर."

"मुळातच घोळ आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"कंपनीच्या डॉक्टरांनी पास केलंय ते. चारला त्यांची गाडी येतेय. तुम्ही औषधातलं काही शिकलाय का?"

"नाही."

"मग?"

तिने ओळीवर बोट ठेवलं. 'मात्रा : पाच थेंब' हे वर कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. खाली ठळक टायपात, 'औषध एक चमचा पाण्यात मिसळून द्यावे.' चमचाभर पाणी की चमचाभर औषध? दोन्ही अर्थ निघत होते. एका ओळीतून किती अर्थ निघतात हे शोधण्यात तिची पाच वर्षं गेली होती, आणि घरात त्यावरून तिची थट्टाच झाली होती.

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन. मशीनवर काम करणारे काका शाईचे हात पुसत दारात आले. "प्लेट चढवलीय. करू सुरू?"

"काका, जरा हे वाचता?" ती म्हणाली. "घरी तान्हं बाळ असेल, तर त्याला किती औषध द्याल?"

"अहो, परीक्षा तुमची चाललीय, त्यांची नाही," मालक म्हणाले.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ओठ हलवत वाचलं.

"आठ महिन्यांची नात आहे मला," ते म्हणाले. "एक चमचा देईन. पाण्यातून."

मालकांनी फोन उचलला आणि पाठ फिरवली. "हो साहेब. नाही, आमची चूक नाही, मुळातच तसं... हो, उशीर होईल." पुढे ते नुसते ऐकत राहिले. मानेवरचा घाम कॉलरमध्ये उतरत होता. बरीच बोलणी खाऊन झाल्यावर, अर्ध्या तासाने, नवी ओळ आली : 'पाच थेंब औषध चमचाभर पाण्यात मिसळून द्यावे.' प्लेट पुन्हा करावी लागली. गाडी आली तशी रिकामी परत गेली.

सहा वाजता ती उठली. "उद्या किती वाजता येऊ?"

मालक टेबलावरचे कागद नीट करत राहिले. "तुम्ही हुशार आहात, त्यात वाद नाही. आज अब्रू राखलीत आमची. पण रोज गिऱ्हाइकांना त्यांच्या चुका दाखवत बसलो, तर दुकानाला टाळं लागेल. मला नुसतं जुळवून बघणारं माणूस हवंय." कागदांवर पेपरवेट ठेवत ते म्हणाले, "तुमच्या भावजींना मी सांगतो नीट."

"मीच सांगेन," ती म्हणाली.

जिना उतरून शेवटच्या पायरीवर ती बसली. आईला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळेनात. वर मशीन धडधडलं आणि लगेच थांबलं.

काका खाली आले. ओल्या शाईचा कागद त्यांनी दोन बोटांत धरला होता.

"मालकांनी सही केलीय," ते म्हणाले. "तरी तुम्ही एकदा नजर घाला."

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. कंपनीच्या पत्त्यासकट, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. घाई केली नाही. काका कठड्याला धरून उभे राहिले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "करा सुरू."