पांढऱ्या गाडीच्या बदल्यात

जुन्या मोटारींच्या दलालाचा नियम एकच: विकताना कौतुक करायचं, घेताना नावं ठेवायची. या नियमावर त्याने बंगला बांधला. पण दोन्ही किडन्यांनी एकदमच हात वर केले, तेव्हा त्याची बोलती बंद झाली. डायलिसिसच्या खुर्चीत पडून तो छताकडे बघत राही. नवी किडनी बसवा, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

बायकोची जुळत होती आणि ती एका पायावर तयार होती. दलालाने साफ नकार दिला. विकत घेतलेल्या वस्तूचा व्यवहार मिटतो, पण बायकोचे उपकार कधी फिटायचे? जेवणात मीठ कमी पडलं म्हणायचीसुद्धा चोरी!

म्हणून त्याने आपल्याकडच्या गाड्या धुणाऱ्याला गाठलं. धुणाऱ्याचा डोळा कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीवर होता. ती भाड्याने चालवून त्याला संसार वर काढायचा होता. ठरलं: किडनी द्यायची, गाडी न्यायची.

"लोणी आहे लोणी!" दलालाने गाडीच्या बॉनेटवर थाप मारली.

ती धूर ओकते हे धुणाऱ्याला ठाऊक होतं. मागचा काळा बंपर रोज तोच घासत होता. पण गरजवंताला अक्कल नसते.

अवयव विकायला कायद्याची बंदी, म्हणून धुणारा मामेभाऊ झाला. दलालाने त्याच्याकडून नातेवाईक घोकून घेतले. गडी इतका मन लावून शिकला की दलालाच्या आईच्या, म्हणजे आपल्या नव्या आत्याच्या, गुडघ्यांची चौकशीही करू लागला.

हॉस्पिटलच्या कमिटीपुढे त्याची उत्तरं चोख आली. दलालाची बायको ओठ घट्ट मिटून बाजूला बसली होती. कमिटीतल्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "नशीबवान आहात. भावाची किडनी अगदी उत्तम आहे."

घ्यायच्या वस्तूची तोंडावर स्तुती! दलालाची जीभ सवयीने सुटली.

"कसली उत्तम? पस्तीस वर्षं वापरलेली आहे! वरून सगळ्याच चकाचक. आतली भानगड उघडल्यावर कळते. आणि त्याबदल्यात याला आख्खी गाडी हवी!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"गाडी धूर ओकते," मामेभाऊ न राहवून म्हणाला. "माझी किडनी निदान चालू तरी आहे, मालक."

कमिटीने दोघांना फैलावर घेतलं आणि बाहेरचा रस्ता दाखवला. व्हरांड्यात धुणारा खालमानेने उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मालक, दुसरीकडे खपेल का हो? तुमच्या ओळखीचं एखादं गिऱ्हाईक?"

लोक जुनी गाडी खपवायला येत, ते अगदी याच आवाजात विचारत. दलालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुरे झालं!" बायको कडाडली. "त्याला गाडी द्या, तीही इंजिन बदलून. भाड्यातून फेडेल सावकाश. आणि किडनी माझी घ्या."

"इंजिन तर उत्तम..."

बायकोने नुसतं पाहिलं.

"गेलंय," दलाल म्हणाला. "पार कामातून गेलंय. पण तुझे हे उपकार..."

"डोंबलाचे उपकार! तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?"

आता कमिटी ताकही फुंकून पीत होती. बदल्यात काय मिळतंय, असं त्यांनी बायकोला पुन्हा पुन्हा विचारलं.

"कटकट," ती म्हणाली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. "बाईंची किडनीही छान आहे हो." आणि सगळ्यांनी दलालाकडे पाहिलं.

त्याची जीभ वळवळली. तेवढ्यात त्याला बायकोचा हात दिसला. पदराचं टोक मुठीत आवळून आवळून चुरगळलं होतं. ती घाबरली असेल, हे इतक्या दिवसांत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चांगली आहे," तो म्हणाला. "फार चांगली आहे. मला परवडणारी नाही."

मग तो रुमाल शोधू लागला. रुमाल बायकोच्या पर्समध्ये होता.