मी आत उघडायचो

टकटक करून आलात ना? मग ठीक. या घरात माझ्यासमोर न विचारता कोणी येत नाही. मी बाथरूमचा दरवाजा बोलतोय. हसू नका. बाथरूमच्या दरवाजाला कसलं आलंय आत्मवृत्त, हे तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय. पण पुढच्या दारात माणसं हसत येतात, हसत जातात. त्या बिचाऱ्याला काय कळणार? माणूस खरा कसा असतो, ते माझ्या आतल्या बाजूला कळतं.

सुतारानं मला उरल्यासुरल्या फळ्यांतून बनवलं. चांगलं लाकूड पुढच्या दाराला गेलं, बरं लाकूड कपाटाला गेलं, आणि राहिलं ते माझ्या नशिबी आलं. खालच्या अंगाला आतून पत्रा ठोकला, पाण्यानं कुजू नये म्हणून. वर कपड्यांसाठी दोन खुंट्या. रंगसुद्धा खिडक्यांना लावून उरलेला. ओल धरली की मी फुगायचो, चौकटीत अडायचो, आणि मग घरातले मला लाथ घालायचे. कौतुक कधी वाट्याला आलं नाही. लाथा मात्र पोटभर खाल्ल्या.

मला लावताना सुतारानं मालकाला विचारलं होतं, "साहेब, आत उघडणारं लावू की बाहेर?"

"सगळ्यांचं कुठं उघडतं?"

"आतच. बाहेर उघडलं तर पॅसेज अडतो. शिवाय दारावरचं पाणी बाहेर ठिबकतं."

"मग आतच की. त्यात विचारायचं काय?"

झालं! एवढ्याशा बोलण्यात माझ्या बिजागऱ्या आतल्या बाजूला बसल्या. लग्न ठरवताना माणसं यापेक्षा जास्त चौकशी करतात. बरं, मीही तेव्हा खूश होतो. आत उघडायचं काय आणि बाहेर उघडायचं काय, दाराला सारखंच.

मालक तेव्हा तरुण होता. आता मी त्याला म्हातारा म्हणतो, मनातल्या मनात. त्याची बायको त्याला 'अहो' म्हणायची, तो तिला 'अगं'. एक मुलगा. माझ्या शेजारी संडासाचं दार. त्याच्याशी माझं कधी फारसं जमलं नाही, त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण घाईत. माझ्याकडे मात्र माणसं रेंगाळायची. मुलगा परीक्षेच्या दिवशी आत बसून राहायचा, अंगावर पाण्याचा थेंबही न घेता. म्हातारा आत गेला की बेसूर गाणं सुरू. आणि बाईनं नळ मोठा सोडला की मी ओळखायचो, आज दोघांचं वाजलंय. नळाखाली रडून घ्यायची, माझ्या खुंटीवरच्या टॉवेलाला तोंड पुसायची आणि बाहेर पडायची.

"डोळे का गं लाल?"

"साबण गेला."

तो आयुष्यभर त्या साबणावर विश्वास ठेवत आला. भांडणात तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "तुम्ही कधी म्हणून माझं ऐकलंय का हो?" आणि खरंच, पंखा लहान करा म्हटलं तरी तो ऐकायचा नाही.

पुढे तिचे गुडघे गेले. बसलं की उठवेना, उठलं की चालवेना. तेव्हा म्हातारा म्हणाला, "अगं, कडी लावत जाऊ नकोस. काही झालं तर दार उघडता आलं पाहिजे."

"आणि कोणी आलं म्हणजे?"

"टकटक करू. तू आतून आवाज दे."

तेव्हापासून घराला नियमच पडला. बाहेरून माझ्यावर टकटक, आतून बादलीवर तांब्याची टण टण. म्हणजे मी आहे, ठीक आहे, दमा जरा. त्यांनी कडीचा विचार केला. चांगला सारासार केला. फक्त मी कुठल्या बाजूला उघडतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी सकाळी मुलगा आणि सूनबाई कामाला गेले होते. बाई आंघोळीला आली. आणि मग धप्प आवाज झाला, आणि माझ्या पत्र्यावर काहीतरी जड येऊन टेकलं. ती पडली होती. खोली ती केवढीशी. पाठ मला लागलेली, पाय समोरच्या भिंतीला. पाचर मारल्यासारखी अडकली.

म्हाताऱ्यानं टकटक केली. टण टण आली नाही. पुन्हा केली. मग त्यानं मला ढकललं. चार बोटं फट झाली आणि आतून ती म्हणाली, "अहो, ढकलू नका. लागतंय."

तो थांबला. धावत जाऊन त्यानं मुलाला फोन केला आणि परत येऊन खाली फरशीवर बसला. फटीतून हात आत घातला. तिच्या खांद्यापर्यंत पोचला. ती आधी लागतंय म्हणाली, मग गार वाटतंय म्हणाली, मग गॅसवर दूध आहे म्हणाली. तो 'हो' म्हणाला आणि उठला नाही. दूध करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. मग ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं मुलगा आला, त्यानं खांदा लावून मला रेटलं, तेव्हा ती नव्हती.

लोक जमले. म्हातारा सगळ्यांना एकच सांगत होता, "मी दार वाजवलं तेव्हा आवाजच नव्हता." मुलालाही तेच सांगितलं. खरं काय ते त्याला माहीत होतं आणि मला. आणि मला कोण विचारतंय?

त्यानंतरची गोष्ट सांगितली तर तुम्ही मला वेड्यात काढाल. काढा. म्हातारा अजून टकटक करायचा. बाथरूम रिकामं आहे, दिवा बंद आहे, तरी माझ्यासमोर उभा राहायचा, दोनदा वाजवायचा आणि कान देऊन थांबायचा. मुलगा सूनबाईला म्हणायचा, "सवय आहे गं त्यांची. जाईल." सवय कसली! आतून आवाज यायचा. बादली कोरडी, तांब्या उपडा घातलेला, तरी टण टण. मी ऐकलंय. माझ्या फळ्यांतून गेलाय तो आवाज. म्हाताऱ्याला ऐकू यायचा का, ते मला माहीत नाही. पण तो आवाज यायच्या आधी त्यानं मला कधी ढकललं नाही. आणि ढकलायचा तेही जपून, हळूच. माझ्यामागे कोणीतरी टेकून बसलंय अशा बेतानं जेमतेम फट करायचा आणि अंग चोरून आडवा आत शिरायचा. मी पुरता उघडलोच नाही त्याच्या हातून कधी.

मग घर दुरुस्तीला निघालं. पाइप गळके झाले होते, फरशी शेवाळली होती. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हालाच सोपं जाईल पुढे. धरायला दांडे लावू, न घसरणाऱ्या फरश्या घालू."

"मला काही नको. आहे ते राहू द्या."

"बाबांना ना, काही बदलायचंच नसतं," मुलगा वैतागला. त्याला संडास आणि बाथरूममधली भिंत पाडून एकच ऐसपैस करायचं होतं. सूनबाईनं नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तुम्ही आत तासभर गात बसणार, आणि आम्ही बाहेर पोट धरून नाचायचं?" शेवटी ठरलं की भिंत राहील, पण थोडी सरकेल. संडास आखडला तर आखडला. मिस्त्री म्हणाला, "तिथं कोणाला मुक्काम करायचाय?"

मला बिजागऱ्यांतून सोडवलं आणि हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मी हॉल पाहिला. बरा आहे; उजेड जास्त.

कागदावरच्या रेघा कोणाला कळेनात, म्हणून मिस्त्रीनं खडू घेतला आणि हॉलच्या फरशीवरच खरं माप आखलं. इथं भिंत, इथं कमोड, इथं बेसिन, हा शॉवर. खेळच सुरू झाला. सूनबाई स्टूल ठेवून कमोडवर बसली आणि ओरडली, "अय्या, माझे गुडघे भिंतीत गेले!" मिस्त्रीनं कमोड फिरवला. मुलगा शॉवरखाली उभा राहून हात पसरायला लागला, तर त्याचा हात रेघेपलीकडे शेजारच्या संडासात. सगळे हसले. म्हातारा खिडकीशी खुर्चीत पाठ करून बसला होता.

"आता दार," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं दार फिरेल तेवढा खडूनं अर्धगोल काढला. आतल्या बाजूला.

माझ्या फळ्या गार पडल्या. परत तेच! अरे, मी इथं उभा आहे, मला विचारा. उद्या हा म्हातारा आत जाईल, त्याचेही पाय आता लटपटतात, आणि मग बाहेरून कोण हात घालून बसणार? पण दार बोलतं का कधी?

"बाहेर नाही का काढता येणार?" सूनबाईनं सहज विचारलं.

"बाहेर वॉशिंग मशीन येतंय ना," मुलगा म्हणाला. "आपटेल. आत काय वाईट आहे? आधीही आतच होतं."

"सगळीकडे आतच असतं, ताई," मिस्त्री म्हणाला.

खुर्ची करकरली. म्हातारा उठला. सावकाश चालत खडूच्या दारापाशी आला, थांबला, आणि त्यानं हात वर करून हवेत दोनदा टकटक केली. कोणी हसलं नाही. आणि मी शपथेवर सांगतो, त्या खडूच्या खोलीतून टण टण आली.

तो आत गेला. गुडघ्यावर हात ठेवत खाली बसला, मग आडवा झाला, कुशीवर. पाठ दाराच्या रेघेला, पाय समोरच्या भिंतीच्या रेघेला. मिस्त्रीचा अर्धगोल त्याच्या पाठीवरून गेला होता.

"बाबा! काय करताय? उठा."

"दार उघड."

"बाबा, फरशी गार आहे..."

"उघड म्हणतो ना!"

मुलगा रेघेशी उभा राहिला. हात पुढे केलेले, पण पुढे जाईना. जाणार कुठे? अर्धगोलात बाप पडला होता.

"ती बोलत होती," म्हातारा फरशीकडे बघत म्हणाला. "मी खोटं सांगितलं तुम्हाला. मी दार ढकललं तेव्हा ती जिवंत होती. म्हणाली, अहो, ढकलू नका, लागतंय. म्हणून मी ढकललं नाही. जन्मभर कटकट करायची, तुम्ही माझं ऐकत नाही म्हणून. एकदा ऐकलं रे. एकदाच ऐकलं. नको तेव्हा."

सूनबाई तोंडावर पदर धरून स्टुलावर बसली. किती वेळ बोलत होत्या, असं तिनं विचारलं. म्हातारा फरशीवरची रेघ बोटानं चाचपत राहिला. मुलाच्या ओठांवर मात्र दुसराच प्रश्न येत होता, आणि तो मला आधीच कळला होता. कारण त्याचा खांदा माझ्यावर आदळला होता.

"बाबा, मी खांदा लावला तेव्हा...?"

"तेव्हा ती नव्हती. तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. मी तिच्या खांद्याला हात लावून होतो. तेव्हा ती नव्हतीच."

खरं आहे, पोरा. मी साक्षीला आहे. मलाही हे तुला कधीचं सांगायचं होतं.

मुलगा खाली बसला, बापाजवळ, खडूच्या भिंतीवर पाय टाकून. बापाला उठवायचं सोडून त्याचा हात धरून तोही तिथंच रडला. मिस्त्रीनं ओलं फडकं आणलं, आतला अर्धगोल पुसला आणि बाहेरच्या बाजूला नवा काढला.

"मशीनला आपटेल," असं उगाच पुटपुटलाही.

"मशीन जाऊ दे खड्ड्यात," सूनबाई म्हणाली.

नवं प्लॅस्टिकचं दार यायचं होतं. माझी रवानगी भंगारात ठरलेली. पण म्हातारा म्हणाला, "ते दार टाकू नका. ते होतं तिथं." म्हणून सुतारानं मला तासलं, नवा पत्रा ठोकला, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला घेतल्या. आता मी बाहेर उघडतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला थोडं थांबावं लागतं, मशीनला माझी कड घासते, पाणी ठिबकतं तेही बाहेर. ठिबकू दे.

तुम्ही घरी जाल तेव्हा एक करा. टाइल्सचा रंग, बेसिनचा आकार यावर खुशाल आठवडाभर भांडा. पण आधी बाथरूमचं दार एकदा उघडून बघा, कुठल्या बाजूला जातं ते. आणि आत घरातलं म्हातारं माणूस पडलंय असं क्षणभर मनात आणा. मला एवढंच मागायचं होतं.

काम पुरं झालं त्या दिवशी सगळ्यांत आधी म्हातारा आला. सवयीनं हात वर केला. टकटक. थांबला. आतून टण टण आली, अगदी पहिल्यासारखी. त्यानं माझी मूठ धरली आणि मला आपल्याकडे ओढलं. मी उघडलो, पुरता, मागच्या भिंतीला टेकेपर्यंत. इतक्या काळात त्याच्या हातून पहिल्यांदा.

आत नव्या फरश्या, कोरडी बादली. कोणी नव्हतं.

म्हातारा बाजूला सरला, भिंतीला चिकटून उभा राहिला. "अगं," तो हळू म्हणाला, "ये आता बाहेर."

मग त्यानं मला लगेच लावलं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंबऱ्यातून बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो मला धरून उभा राहिला.