गोड पाण्याचं टाकं

मित्रांनो, मी एक म्हातारा चपटा कृमी आहे. वय दीड महिना. तिळाहून बारीक अंग आणि मागच्या टोकाला आकडे. माझं घर म्हणजे एका लांब मिशांच्या शिंगाडा माशाचे कल्ले, ज्यांनी तो श्वास घेतो ती लाल झालर. तिथेच चिकटायचं, तीच कुरतडायची. लाज वाटते, पण आम्हाला दुसरं काही येत नाही.

पेढी नदीत आम्ही पाचच होतो. अंडी घातली की धार वाहून नेई. मग नदी आटली. शेवटच्या डबक्यातून भातकुलीजवळच्या पार्बताबाईंनी माझ्या माशाला बादलीत उचललं. बाई झेंडू पिकवणाऱ्या, मासळी न खाणाऱ्या, घरात एकट्या. अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात त्याला सोडलं आणि नाव ठेवलं मिश्याजी.

"मिश्याजी, जेवले का?" त्या रोज विचारायच्या. तो लगेच वर यायचा.

पण टाक्याला धार नसते. आमची पिल्लं फिरून त्याच कल्ल्यांवर आली. पाचाचे पाचशे झालो. मिश्याजी धापा टाकू लागला.

एकदा टाकं उणं दिसलं म्हणून शेजारच्या नत्थुजींनी विहिरीचं पाणी त्यात ओतलं. इकडच्या विहिरी खाऱ्या. मीठ लागताच आमचे आकडे सुटू लागले, शेकडो गळून पडले. मी कसाबसा टिकलो. मिश्याजीने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला आणि जोरात शेपटी आपटली.

बाईंना वाटलं, तडफडून राहिला.

"कावून टाकलं हो खारं पानी? जीव घेता का त्याचा?"

"अवो वहिनी, माहा बैल रोज पेते तेच पानी!"

"तुमचा बैल अन् माहा मिश्याजी एक हाय का?"

बाईंनी टाकं उपसलं. आठ दिवसांतून एकदा येणारं नळाचं गोड पाणी, स्वतःच्या पिण्याचं, सगळं त्यात ओतलं. स्वतः खाऱ्या पाण्याचा, दूध नासलेला चहा प्यायल्या. भिंतींना चिकटलेली आमची अंडी मात्र तशीच राहिली. गोड पाण्यात ती सुखाने फुटली आणि पिल्लं पुन्हा त्याच कल्ल्यांवर आली.

आज, आठ दिवसांनी, "जेवले का?" म्हटल्यावर मिश्याजी वर आला नाही.

"गोड पानी देलं न रे तुले," बाई त्याला हातावर घेऊन म्हणाल्या. "अजून काय पायजे होतं?"

उत्तर मला ठाऊक होतं. मला तोंड आहे, पण ते फक्त खायला.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल तेव्हा त्याचा कल्ला एकदा उचलून बघा.

गोड पाणी संपलंय, म्हणून बाई त्याला शेवटची आंघोळ विहिरीच्या पाण्याने घालताहेत. माझे आकडे सुटताहेत. आठ दिवस आधी सुटायला हवे होते.