दाराशी टेकवलेला खराटा

बायको, माइमु, गेली हे एंडेलला कळलं तेव्हा तो उशांच्या दुकानात होता. मार्चचा दुसरा गुरुवार. तिला तपासण्यांसाठी शहरातल्या इस्पितळात दोन दिवस ठेवून घेतलं होतं, आणि सकाळी तिनंच त्याला हाकललं होतं. "इथे बसून माझं तोंड काय बघतोस? जा, चार उशा घेऊन ये. जूनमध्ये पाहुणे यायचेत. आपल्या उशांवर झोपलं की मान धरते."

म्हणून तो गेला. दोन उशा या काखेत, दोन त्या काखेत, असा उभा असताना खिशातला फोन वाजला. घ्यायला हात मोकळा नव्हता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्यानं उशा खाली ठेवल्या. मुलीचा, पिरेतचा फोन होता.

"बाबा, कुठे आहेस तू?"

"दुकानात. उशा घेतोय."

मग पिरेत म्हणाली, "बाबा, जरा खाली बस."

बसायला तिथे काही नव्हतं. तो उशांवरच बसला.

उशा मात्र त्यानं घेतल्या. एवढ्यासाठीच तिनं पाठवलं होतं, त्या न घेता जाणं त्याला सुचलं नाही. इस्पितळाच्या दारात पिरेतनं त्याला मिठी मारली तेव्हा मध्ये उशांची भली मोठी पिशवी होती.

त्यांच्या बेटावर कुणी दाराला कुलूप लावत नाही. घरात माणूस नसलं की दाराला बाहेरून खराटा टेकवून जायचं. तो दिसला की आलेला माणूस फाटकातूनच परत फिरतो. आणि ज्यानं टेकवला त्यानंच परत आल्यावर काढायचा, ही माइमुच्या माहेरची रीत. इस्पितळासाठी बोट गाठायला निघाले त्या सकाळी खराटा तिनंच टेकवला होता. एंडेल तिची बॅग घेऊन फाटकापर्यंत गेला होता. वळून बघतो तर ती एका हातानं भिंत धरून दुसऱ्या हातानं खराट्याचा दांडा नीट करत होती.

"वाऱ्यानं पडेल तो," एंडेल म्हणाला.

"मी टेकवलेला पडत नाही," ती म्हणाली.

आणि तो पडला नाही. अंत्यविधी बेटावरच्या चर्चमध्ये झाला, जेवण गावाच्या सभागृहात झालं. घरी कुणी आलंच नाही. त्या संध्याकाळी एंडेल एकटा अंगणात आला, खराट्यासमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि लाकडांच्या खोपटाला वळसा घालून मागच्या दारानं आत गेला. एकदा मागून गेला, मग मागूनच जात राहिला. अंगण झाडायला त्यानं बर्च झाडाच्या काटक्यांचा दुसरा खराटा बांधला. पहिल्याला हात लावला नाही. तो दाराशी होता तोवर माइमु बाहेर गेली आहे, एवढंच खरं होतं.

शेजारच्या लैनेनं मे महिन्यात त्याला दुकानासमोर गाठलं.

"काय रे एंडेल, तुमच्याकडे कुणी नसतं म्हणे."

एंडेल तिला वळसा घालून निघाला.

"मग चुलीचा धूर कोण काढतं? भूत?"

"लैने, जाऊ दे मला."

"जा की. मी कुठे धरलंय? पण दोन महिने तुझा पाव मी लाकडांवर ठेवून जातेय, मांजराला ठेवल्यासारखा. मला आत यायचंय, चार घटका बसायचंय. ती माझीही कुणीतरी होती."

"मग ये ना मागच्या दारानं."

"मागच्या दारानं चोर येतात," लैने म्हणाली. "नाहीतर कोंबड्या. पुढे खराटा असताना मी घरात शिरले तर माझी आई थडग्यातून उठून येईल."

तिचं बरोबर होतं. पण एंडेलच्या डोक्यात तेव्हा लैने नव्हती. जूनमधले पाहुणे होते.

त्याचं असं झालं होतं. आदल्या उन्हाळ्यात फिनलंडहून एक बाई येऊन दोन दिवस राहून गेली होती. माइमुच्या हातचं खाऊन, तिच्या मागे मागे फिरून, सगळं वहीत लिहून घेऊन गेली. थंडीत तिच्या मासिकात यादी छापून आली. प्रसिद्ध शहरांत आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही, तर त्यांच्याऐवजी कुठे जावं, अशी. राजधानी तालिनला मोठमोठ्या जहाजांतून माणसं उतरतात आणि जुन्या गल्ल्यांतून एकमेकांच्या पाठी बघत हिंडतात. त्याऐवजी या बेटावर जा, असं तिनं लिहिलं होतं. बेटाचा नंबर चौथा होता. माइमुनं ते पान फ्रिजवर चिकटवलं.

"चौथे आलो आपण. पहिलं कोण ते बघ. पोलंडमधलं कुठलंसं गाव. नावही उच्चारता येत नाही."

"आता इथेही गर्दी होणार," एंडेल म्हणाला होता.

"आपल्या दोन खोल्या. दोन खोल्यांत किती गर्दी होते रे?"

फेब्रुवारीत राहायला येण्याची पहिली विचारणा आली. पिर्क्को आणि येर्मो, हेलसिंकीचे नवराबायको, आणि त्यांच्यासोबत पिर्क्कोची बहीण आणि तिचा नवरा. जूनच्या पहिल्या शनिवारी, बाराच्या बोटीनं. माइमुनं लगेच हो कळवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल काढला.

अंत्यविधीनंतर पिरेत म्हणाली होती, "बाबा, मी त्यांना कळवून टाकते."

"मी कळवतो," एंडेल म्हणाला.

निरोप माइमुच्या फोनवर होते. तो फोन उघडायचा, पिर्क्कोचं नाव काढायचा, आणि काय लिहायचं इथे अडायचा. लिहायला शब्द एकच होता. तो त्याच्या बोटांतून उतरत नव्हता. एप्रिल गेला, मे गेला. पिरेतनं फोनवर विचारलं तर तो म्हणायचा, "झालं ते." ते झालं नव्हतं. मेच्या शेवटी माइमुच्या फोनवर निरोप आला: "आम्ही फार उत्सुक आहोत! तालिनला दर वर्षी जातो, यंदा तुमच्याकडे." त्या दिवशी एंडेलला जेवण गेलं नाही. आता नाही म्हणायची वेळ निघून गेली होती.

मग तो कामाला लागला. चार पलंग घातले, चादरी वाऱ्यावर वाळवल्या, नव्या उशांना अभ्रे चढवले. मासे धुरात शेकले. पाहुणे फिनलंडचे म्हणून त्या शनिवारी सकाळपासून सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवत ठेवला. हात कामात होते तोवर बरं होतं. हात थांबले की प्रश्न सुरू व्हायचे. चहा किती वाजता द्यायचा? ती त्यांना काय म्हणायची, कसं हसायची? आणि दार? त्यानं मनाशी ठरवलं होतं: धक्क्यावरून चालत यायला तासभर लागतो, म्हणजे एक वाजता. पावणेएकलाच फाटकात जाऊन उभं राहायचं, हसून या म्हणायचं, आणि बोलता बोलता घराला वळसा घालून मागे न्यायचं. बोलत नेलं तर कुणाचं लक्षही जाणार नाही.

ती माणसं भराभर चालणारी निघाली. साडेबारालाच फाटक वाजलं. एंडेल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. पडद्याच्या फटीतून त्याला चौघं दिसली, पाठीवर पिशव्या, चेहरे उन्हानं लाल. पुढे असलेली उंच बाई दोन पावलं आली आणि थांबली. तरुणपणी तालिनच्या बंदरात काम केल्यामुळे एंडेलला त्यांची भाषा कळत होती.

"थांबा. खराटा आहे."

"म्हणजे?"

"मासिकात होतं ना. दाराशी खराटा म्हणजे घरी कुणी नाही. निमूट परत फिरायचं."

"अगं, पण आज येणार म्हणून आपण कळवलंय."

"असेल, पण रीत म्हणजे रीत. बघू या हाक मारून." तिनं तोंडाशी हात धरले. "माइमु!"

एंडेलचा हात खिडकीच्या कडीवर होता. कडी उघडली की झालं असतं. पण या अंगणात ते नाव मार्चपासून कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"माइमु!" बाईनं पुन्हा हाक मारली आणि वाट बघितली.

एंडेलही वाट बघत होता. काही क्षण तोसुद्धा अगदी खरोखर वाट बघत होता. मग ती माणसं वळली. फाटक त्यांनी न वाजवता लावलं.

पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. पाहुणे आले, परत गेले, आता कुणाला काही सांगायला नको. तो स्टुलावर बसला. उरलेले बटाटे सोलले. ते शिजले, तरी तो बसून होता. सौनाच्या धुराड्यातून सरळ धूर निघत होता, गावभर दिसेल असा. भूत, लैने म्हणाली असती.

मग तो उठून खोलीत गेला आणि उशांकडे बघितलं. चारही उशा फुगून बसल्या होत्या. त्यांच्यावर अजून कुणाचंच डोकं टेकलं नव्हतं. माइमुच्या दारातून आजवर कुणी पाहुणा परत गेला नव्हता. वादळात बोट बंद पडली तेव्हा तिनं नऊ माणसं या दोन खोल्यांत झोपवली होती. आणि तिनं शेवटचं बोलावलेली चार माणसं आपण पडद्यामागे उभं राहून परत घालवली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बोट चारला सुटते. मग थेट उद्या.

माइमुची मोटरसायकल खोपटात होती. बाजूला बसायचा डबा जोडलेली, त्यांच्या लग्नाइतकी जुनी. एंडेलनं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. ती एक काहीतरी करायची, कुठलीशी कळ आधी अर्धी ओढायची. त्यानं कधी नीट बघितलं नव्हतं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. साडेतीन. तो जो सापडेल तो खटका ओढत, दाबत राहिला. पावणेचारला गाडी एकदम गरजली, आणि तो डोक्यावर टोपीही न घालता निघाला. डब्यात तिचा रुमाल आणि खिळ्यांचा पुडा होता. खिळे सगळ्या वाटेनं खुळखुळत राहिले.

धक्क्यावर बोटीनं पहिली शिटी दिली होती. चौघं रांगेत होती. एंडेलनं गाडी त्यांच्यापुढे आडवी घातली.

"पिर्क्को?"

उंच बाईनं मान डोलावली. "तुम्ही एंडेल! आम्ही आलो होतो. पण दाराशी खराटा होता."

"होता."

"म्हणजे तुम्ही घरी नव्हतात."

"मी होतो," एंडेल म्हणाला.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. येर्मो, टोपी घातलेला जाडा माणूस, थोडा चिडला. "होतात? मग हाकेला ओ का दिली नाहीत? तीन तास आम्ही इथे दगडावर बसलोय."

"हाक मला नव्हती," एंडेल म्हणाला. बोटीनं दुसरी शिटी दिली. "माझी बायको वारली. मार्चमध्ये. मला तुम्हाला कळवायचं होतं. जमलं नाही."

येर्मोनं टोपी काढली. पिर्क्कोनं पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग बहीण हळूच म्हणाली, "आम्ही जातो. तुम्हाला कशाला त्रास?"

"उशा आणल्यात," एंडेल म्हणाला. "तुमच्यासाठीच. नव्या आहेत."

बोट त्यांना न घेता सुटली. पिशव्या डब्यात घातल्या, वर बहिणीला बसवलं, कारण तिचा गुडघा दुखत होता. एंडेलनं गाडी हळू चालवली, बाकीची बाजूनं चालत आली. घराशी येईपर्यंत येर्मोनं एकच प्रश्न विचारला, सौना खरंच तापलाय का म्हणून. सकाळपासून, एंडेल म्हणाला. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

अंगणात शिरल्यावर पिर्क्को दारासमोर थांबली. खराट्याकडे बघितलं, मग एंडेलकडे.

"मागून या," एंडेल म्हणाला. "पायाखाली लाकडं आहेत, जपून."

एकामागून एक चौघं खोपटाला वळसा घालून आत गेली.

मासे आणि बटाटे मांडून होतात न होतात तोच मागच्या दारात लैने उभी राहिली, हातात फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. तिनं उंबऱ्याकडे एकदा बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि पाऊल आत टाकलं.

"कोंबडी आली," ती म्हणाली. "जागा द्या बसायला."

जेवण मोठ्या आवाजात झालं. लैनेनं माइमुच्या गोष्टी सांगितल्या, आणि एंडेलनं त्या पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितल्या. एक गोष्ट त्यालाही नवी होती, तीही त्यानं सांगितली. मग सगळी सौनाकडे गेली. बाहेर अजून लख्ख उजेड होता. एंडेल ताटल्या धुऊन पुढच्या खोलीत आला आणि बंद दाराच्या आतल्या बाजूला उभा राहिला. दाराच्या पलीकडे खराटा तिनं टेकवला तसाच होता, जरासा डावीकडे कललेला.

पाहुणे मंगळवारी जाणार आहेत. त्यांना कळवलंच नव्हतं, हे पिरेतला खरं सांगून झालं आहे. खराटा काढायचा राहिला आहे.