धुळ्याची वेळ

जळगावात रुपचंदचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि धुळ्याला अभिमन गुरुजी शाळेत विज्ञान शिकवत. आकाशातून जाणाऱ्या उपग्रहांचा दोघांनाही नाद. १९६९ पासून दोघं दिवेलागणीला आपापल्या गच्चीवरून एकाच उपग्रहाची वेळ टिपत आणि रुपचंद दोन्ही गावांच्या नोंदी एका वेधशाळेला पाठवी; दोन्ही वेळा जोडूनच तिथे उपग्रहाची वाट काढत. उपग्रह सेकंदाला साडेचार मैल पळतो. म्हणून दोघांनी आपली घड्याळं रोज रेडिओच्या ठोक्यावर लावायची, असं ठरलेलं.

दोन वर्षांनी वेधशाळेचं पत्र आलं. धुळ्याची वेळ कधी तीन, कधी सात सेकंद मागे असते; आजवरच्या नोंदी निरुपयोगी आहेत; यापुढे पाठवू नयेत.

घड्याळातच खोट असणार, असं म्हणत रुपचंद हत्यारांची पेटी घेऊन एसटीनं धुळ्याला गेला. घड्याळ उघडून पाहिलं, तर ठणठणीत.

सहा वाजत आले. गुरुजी घड्याळाचा सेकंदकाटा बारावर रोखून बसले. रेडिओवर शिट्टीसारखे बारीक ठोके सुरू झाले तशी त्यांची बायको पुष्पाबाई चुलीवरची भाकर टाकून पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे गुरुजींनी काटा सोडला. शेवटचा ठोका होऊन चार सेकंद उलटले होते.

"त्यासले ती बारीक शिट्टी ऐकू येत नही," ती म्हणाली. "मंग मीच सांगस. बठ्ठं बरोबर शे ना, भाऊ?"

"हो, वहिनी, सगळं बरोबर," रुपचंद म्हणाला.

ती चुलीकडे वळल्यावर त्यानं पत्र पुढे केलं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

"जवळून बोललेलं कळतं अजून," ते म्हणाले. "तेही जाईल, म्हणतात डॉक्टर. मग शाळाही गेली."

"मला लिहायचंत तरी, गुरुजी."

"काय लिहू?" त्यांनी पत्र घडी करून परत दिलं. "हिला मात्र कळू देऊ नका. दोन वर्षांत एकदाही माहेरी राहिली नाही ती, ठोका चुकेल म्हणून."

रुपचंद शेवटच्या गाडीनं परतला. स्वतःच्या नोंदी त्यानं त्याच आठवड्यात थांबवल्या. एका गावाच्या वेळेला कोण विचारतो?

धुळ्याचं पाकीट मात्र दर महिन्याला येत राहिलं. आत गुरुजींच्या रेखीव अक्षरात तारखा, तास, मिनिटं, सेकंद. रुपचंद पाकीट कपाटात टाकी आणि उलट टपाली कार्डावर लिही : नोंदी पोचल्या, वहिनींना सांगा.