बिनमुक्कामाचा जावई

निजामाच्या राज्यात उमरग्याचा माल हैदराबादला बैलगाडीनं जायचा, तेव्हाची ही गोष्ट. गाडीवानाला मजुरी कशी मिळायची ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा नीट समजेल. मजुरी मुक्कामावर ठरायची. वाटेत जितक्या रात्री बैल सोडावे लागतील तितके मुक्काम, आणि दर मुक्कामाला दोन रुपये. कडबा मालकाचा. म्हणून लांब जाणारा गाडीवान पैसेवाला, आणि संध्याकाळी जेवायला घरी येणारा गरीब. हे तिथं लहान पोरांनाही ठाऊक होतं.

बंडप्पांच्या स्वतःच्या गाड्या होत्या. माणसाची कमाई मोजायची दुसरी रीत त्यांना माहीतच नव्हती. मुरूम गावच्या एका वैद्याची चौकशी करतानासुद्धा त्यांनी विचारलं होतं, की त्याचे महिन्याला मुक्काम किती पडतात.

त्यांच्या मुलीला, महादेवीला, सिद्धलिंगचं स्थळ आलं. हा मुलगा हैदराबादेत विमान चालवायचा. महिन्यातून पंधरा दिवस लोकांना बसवून मद्रासला न्यायचा आणि परत आणायचा. महादेवीनं त्याचा फोटो पाहिला होता आणि तिला तो मनापासून आवडला होता. तिनं ते आईच्या, गिरिजाबाईंच्या कानावर घातलं होतं, आणि गिरिजाबाईंनी बंडप्पांच्या. बंडप्पांचं म्हणणं एवढंच होतं, की कमाई कळल्याशिवाय आपण हो म्हणणार नाही. अडचण अशी, की पाहुण्याला तोंडावर तनखा विचारणं त्यांच्या घरात असभ्य समजत.

ठरल्या दिवशी सिद्धलिंग, त्याचे वडील रेवणप्पा आणि आत्या इरम्मा आले. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. बंडप्पा शेंगांचे लाडू वाढत होते. वाढता वाढता त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"मद्रासपतुर मुक्काम किती पडत्यात?"

सिद्धलिंगला वाटलं, आपल्या विमानाचं कौतुक चाललंय. तो छाती काढून म्हणाला, "एकपण नाही. सकाळी जातो, संध्याकाळी घरी जेवायला."

बंडप्पांनी त्याच्या ताटात ठेवलेला लाडू उचलून परत डब्यात टाकला.

मग त्यांनी हळू आवाजात, दुखण्याची चौकशी करावी तशी, त्याची चौकशी केली. विमान जरा दमानं चालवता येत नाही का? वाटेत एखादी रात्र काढली तर? सिद्धलिंगनं सांगितलं, की फार हळू चालवलं तर विमान खाली पडतं. बंडप्पांनी मान हलवली. असलं वाहन घ्यावंच कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. विमानाला कडबा कोण घालतं, हेही त्यांनी विचारलं. विमानाला पेट्रोल लागतं आणि ते कंपनीच घालते म्हटल्यावर त्यांना थोडा धीर आला, पण तेवढ्यावर मुलगी कशी द्यायची? ते रेवणप्पांना म्हणाले, की मुलगी अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, ते दाराआड उभ्या असलेल्या महादेवीला बरोबर कळलं.

इरम्मालाही कळलं. पण मुलगी न बघता उठायचं कसं? म्हणून तिनं महादेवीला बाहेर बोलावून रीतीप्रमाणं दोन प्रश्न विचारले. पुरण जमतं का? जमतं. हिशेब येतो का?

"येतो," महादेवी खाली बघत म्हणाली. "आत्ताच घालून दावते. अप्पा, आपली गाडी हैदराबादहून मद्रासला गेली तर मुक्काम किती पडतील?"

"ईस तरी पडतील," बंडप्पा म्हणाले.

"मंग ते ईस मुक्काम ह्ये सकाळीच उरकत्यात. येताना आणिक ईस. झोपले न्हाईत म्हणून काय मुक्काम बुडाले व्हय?"

बंडप्पांचे ओठ हलू लागले. एका दिवसाचे चाळीस मुक्काम. दोन रुपयांप्रमाणं ऐंशी रुपये. असे पंधरा दिवस. बोटं पुरेनात, तेव्हा त्यांनी रेवणप्पांचीही बोटं वापरली. बाराशे रुपये. महिन्याला. बंडप्पांनी डबाच उचलून सिद्धलिंगच्या पुढं ठेवला.

इथं गप्प बसला असता तर काम झालं होतं. पण मुलगा खरं बोलणारा.

"बाराशे नाही हो," तो म्हणाला. "मला सहाशे मिळतात."

इरम्मानं तोंडाला पदर लावला. पोराची तनखा तिलाही आजच कळत होती. रेवणप्पा घाईनं म्हणाले, की सहाशे काही थोडे नाहीत, तहसीलदारालासुद्धा एवढे मिळत नसतील.

"तहसीलदार कुठं मुक्काम करतोय? त्यो एका जागी बसून असतोय," बंडप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पोरगं चाळीस मुक्काम मारतंय आन् मालक ईसाचेच पैसे देतोय. गरीब बघून फसवलंय ह्याला."

ते उठले. गड्याला हाक मारून त्यांनी गाडी जुंपायला सांगितली. हैदराबादला जायचं, मालकाला गाठायचं आणि उरलेले सहाशे वसूल केल्याशिवाय हलायचं नाही. सिद्धलिंग पांढरा पडला. तो त्यांच्यामागं धावत विनवू लागला, की असं काही करू नका, माझी नोकरी जाईल. बंडप्पा त्यालाच समजावू लागले, की घाबरायचं नसतं, घाबरल्यानंच मालक माजतात.

तेवढ्यात गिरिजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अवं, पर कोन म्हून जानार? मालक इचारंल, ह्यो पोरगा तुमचा कोन? काय सांगचाल?"

बंडप्पा एका पायात चप्पल घालून थांबले. दुसऱ्याच्या गाडीवानाची मजुरी मागायला परक्यानं जायचं नाही, ही तर त्यांच्याच धंद्याची रीत होती. त्यांनी एकदा जुंपलेल्या गाडीकडं बघितलं, एकदा सिद्धलिंगकडं.

"सासरा म्हून जातो," ते शेवटी म्हणाले.

ते पुन्हा काही बोलायच्या आत रेवणप्पांनी त्यांच्या तोंडात साखर कोंबली. इरम्मानं महादेवीला कुंकू लावलं. सिद्धलिंगनं एकच मागणं केलं, की निदान लग्न होईपर्यंत तरी हैदराबादला येऊ नका. साखर चावत चावत बंडप्पांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं.

"बरं, न्हाय येत," ते म्हणाले. "मालकालाच लग्नाचं आवतन धाडा. पंगतीला बसला की गाठतो."